डोंगरावरची मतपेटी

लोकांना निवडणूक म्हटलं की भाषणं आठवतात, भोंगे आठवतात, निकालाचा गुलाल आठवतो. मला टेबलं आठवतात. किती लागणार, कुठल्या शाळेतून उचलायची, त्यातली पाय मोडलेली किती, आणि ती वेळेवर परत गेली नाहीत तर हेडमास्तरांचं बोलणं कोणी खायचं. खायचं मीच, कारण उपनगरातल्या एका विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक शाखेत मी अव्वल कारकून होते. अव्वल कारकून म्हणजे साहेबाच्या खाली आणि सगळ्यांच्या तोंडी. ऐंशीचं जवळजवळ सगळं दशक मी त्या खुर्चीत काढलं आणि भांडखोर म्हणून नाव कमावलं. ते नाव मला आजही आवडतं.

मतदारसंघाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील. पश्चिमेला खाडी आणि मढकडची कोळीवस्ती, मध्ये रेल्वे, तिच्या दोन्ही अंगांना बाजार आणि सोसायट्या, पूर्वेला हायवे, आणि हायवेपलीकडे दिंडोशीच्या बाजूचे डोंगर. माझ्या आधीच्या कारकुनांच्या काळात अर्धं उपनगर एकाच मतदारसंघात मावायचं. तेव्हा इथे भातशेती होती, तबेले होते, आणि उमेदवार टांग्यातून प्रचार करायचे म्हणे. मग गिरणगावातली आमच्यासारखी कोकणी कुटुंबं खोल्या परवडेनात म्हणून इकडे सरकली, मराठवाडा-विदर्भातून दुष्काळाने हाकललेली माणसं आली, आणि दर पुनर्रचनेत नकाशावर नवी रेघ पडत गेली. आता तर दिंडोशीला स्वतःचा आमदार आहे. आमच्या वेळी दिंडोशी म्हणजे नकाशाची कड. नकाशा टेबलावर पसरला की साहेबांचा चहाचा कप नेमका तिथेच ठेवलेला असायचा.

आमच्या धंद्यात माणसं मात्र भरपूर भेटतात. एकदा मढच्या केंद्रावर एक कोळीणबाई उजाडताच आल्या. बाजाराची घाई होती. बोटाला शाई लावली, ती राहीचना. मासळीचं तेल मुरलेलं बोट, शाई ओघळून खाली. केंद्राध्यक्ष पुन्हा पुन्हा पुसायला लावत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "शाई लागत नाय तर मी काय करू? बोट कापून देऊ? बाकीची नऊ बाजारात चालतील मला." मी राख मागवली, बोट घासायला लावलं, शाई बसली. तेव्हापासून कोळीवाड्याच्या सामानात मी राखेची पुडी टाकायचे. नियमात कुठेही राख लिहिलेली नाही.

पण सांगायची गोष्ट आहे ती डोंगराची.

आधी मतदान केंद्र म्हणजे काय ते सांगते. केंद्र शक्यतो पक्क्या इमारतीत हवं, मतदारांना फार लांब नको, देवळात किंवा कुठल्याही प्रार्थनास्थळात नको, आणि तिथे सावली आणि पिण्याचं पाणी हवं. पक्की इमारत नसेल तर तात्पुरता मंडप घालता येतो, पण साहेबाला पटलं तर. डोंगरावरच्या वस्तीचं केंद्र तेव्हा हायवेच्या अलीकडे, स्टेशनच्या बाजूच्या शाळेत होतं. डोंगर उतरायचा, हायवे ओलांडायचा. तेव्हा त्या टापूत ना पूल ना सिग्नल. ट्रक असे यायचे की पुरुषसुद्धा धोतर सावरून पळायचे. बायका कडेवर पोर घेऊन कशाला पळतील? त्या मतदानाला यायच्याच नाहीत.

हे मला सांगितलं सुभद्रा साळवे नावाच्या बाईने. जालन्याकडची, वस्तीतल्या बौद्ध घरांपैकी, एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला. माझ्यापेक्षा लहान, पण आवाज माझ्यापेक्षा मोठा. पंच्याऐंशीची विधानसभा जवळ आली होती. कारखान्याची सुट्टी बघून ती ऑफिसात आली आणि सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाई, आमच्या डोंगरावर मतपेटी पाहिजे."

"अर्ज करा," मी म्हटलं. सरकारी तोंडातून पहिलं वाक्य हेच निघतं.

"अर्ज मागच्या वेळी केला. आमदारांकडे नळ मागायला गेलो तर त्यांचा माणूस काय म्हणतो माहितीये? वरून मतं किती पडतात? मूठभर. मूठभर मतांसाठी कोण डोंगरावर पाइप चढवणार? मतं पडत नाहीत कारण पेटी खाली. म्हणून म्हणते, आधी पेटी वर पाहिजे."

तेव्हा वस्तीतल्या बायका हायवे ओलांडून अलीकडच्या एका सार्वजनिक नळावरून पाणी वर न्यायच्या. पहाटे एक खेप, कामावरून आल्यावर एक. सुभद्राची थोरली जाऊ हंड्यासकट घसरून पाठीने अधू झाली होती. ते तिने रडून नाही सांगितलं, चिडून सांगितलं. मला तिचा राग पटला. पाण्यासाठी मतं मोजावी लागावीत हे चूक आहे, आजही चूक वाटतं. पण मी होते निवडणूक शाखेत. पाणी माझ्या हातात नव्हतं, पेटी होती.

मग मी हात धुऊन मागे लागले. केंद्रांची कच्ची यादी लागली, हरकती मागवल्या, पक्षांच्या लोकांची बैठक झाली. बैठकीला आमदारांकडून मेस्त्री आले. हे मेस्त्री आमचेच मालवणी गृहस्थ, गोड बोलून मान कापणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "केंद्र वर द्यायला आमची काय ना नाही. पण नियमात पिण्याचं पाणी पाहिजे ना? वर तर पाणीच नाही."

ऐका म्हणजे. पाणी नाही म्हणून केंद्र नाही, केंद्र नाही म्हणून मतं नाहीत, मतं नाहीत म्हणून पाणी नाही. माझं डोकं असं सणकलं की मी बैठकीतच बोलले, "साहेब, उद्या आपण वर जाऊन बघू या." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना हिमालयात बोलावलं.

पण माणूस सरळ होता, आला. चकचकीत बूट, फेब्रुवारीचं ऊन, पायवाट घसरडी. दोनदा त्यांनी माझा हात धरला आणि दोनदा सॉरी म्हणाले. वर पोचलो तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. सुभद्राने स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. साहेब एका दमात प्यायले आणि सवयीने ग्लास पुन्हा पुढे केला.

सुभद्रा म्हणाली, "देते साहेब. पण दुसरा ग्लास खालून आणायला लागेल. तासभर बसा."

ती टोमणा मारत नव्हती. घरात खरंच तेवढंच होतं. साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि खालच्या हायवेकडे बघितलं. मग म्हणाले, "तेंडोलकरबाई, मंडप कुठे घालता येईल?"

इथे नवाच घोळ. वस्तीचे दोन भाग. एका बाजूला कोकणातली घरं, दुसऱ्या बाजूला बौद्ध घरं. भांडण असं नव्हतं, पण मधली मोकळी जागा कोणाची यावर धुसफूस कायमची. त्या जागेवर गणपतीत यांचा मंडप, जयंतीला त्यांचा. कोकणी बाजूचे वडीलधारे म्हणजे तात्या. गिरणीत जन्म गेला, संपात नोकरी गेली, आता घरी पिशव्या शिवायचे. तात्या म्हणाले, पेटी आमच्या देवळात ठेवा. सुभद्राची माणसं म्हणाली, विहारात ठेवा. मी म्हटलं, "दोन्ही नाही. नियम आहे. मधल्या जागेवर मंडप, बांबू यांचे, ताडपत्री त्यांची. आणि एकही रंगीत पताका लावायची नाही. कुठल्या ना कुठल्या पक्षाचा रंग निघतो आणि मेस्त्री टपलेलेच आहेत."

"मग काय अंत्यविधीसारखा पांढरा मंडप?" तात्यांनी विचारलं.

"पांढराच," सुभद्रा म्हणाली. "तात्या, नळ आला की पाहिजे तेवढे रंग लावू."

मतदारांसाठी दोन रांजण भरून ठेवायचं बायकांनी लिहून दिलं आणि केंद्र मंजूर झालं. मेस्त्रींची हरकत साहेबांनी एका ओळीत फेटाळली. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना भजी खायला घातली.

मतदानाच्या दिवशी माझ्याकडे फेरीचं काम होतं. जीप घ्यायची आणि दहा-बारा केंद्रांवर फिरून सगळं सुरळीत आहे ना ते बघायचं. मी फेरी मुद्दाम डोंगरापासून सुरू केली. पोचले तेव्हा मतदान सुरू व्हायचं होतं आणि मंडपाबाहेर बायकांची रांग थेट उतारापर्यंत गेलेली. लग्नातल्या साड्या, डोक्याला तेल, हातात चिठ्ठ्या. बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

केंद्राध्यक्ष होते जोगळेकर, बँकेतले. सज्जन, पण नियमाचं पुस्तक छातीशी धरून बसणारे. त्यांनी पेटी उघडून सगळ्या प्रतिनिधींना रिकामी दाखवली. हे प्रतिनिधी म्हणजे प्रत्येक उमेदवाराची केंद्रात बसणारी माणसं. आमदारांच्या बाजूने खुद्द मेस्त्रीच येऊन बसले होते. मग पेटीला आतून कागदी सील लावलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, झाकण बंद झालं. इथपर्यंत झकास.

आणि तात्या आत आले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, हातात नारळ.

आम्हा कोकणातल्या लोकांची एक रीत आहे. कुठलंही नवं काम, मग ते घराचा पाया असो की पोराची परीक्षा, गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एका जाणत्याने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. तात्यांच्या हिशेबी डोंगरावर पहिली पेटी आली म्हणजे याहून मोठं काम ते कुठलं? जोगळेकरांना वाटलं, काहीतरी स्थानिक स्वागत असेल. ते बिचारे हात जोडून उभे राहिले.

तात्यांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या डोंगरार पयलीच पेटी इली हा."

"व्हय म्हाराजा," मंडपातून आवाज आला.

"हयसर जमलेल्या सगळ्या लेकरांका, हय बाजूच्या नि तय बाजूच्या, एक मतान ऱ्हवाची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण निवडान येतलो, तेका ह्या डोंगरार पाणी हाडूची बुद्धी दी, नि आमच्या बायांच्या डोक्यावरचो हंडो उतरय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि मी काही म्हणायच्या आत तात्यांनी नारळ फोडला. कुठे? पेटीच्या लोखंडी कोपऱ्यावर. पाणी झाकणावरून वाहत थेट फटीत. जोगळेकर किंचाळलेच. पेटी उघडली तर आतलं सील भिजून लगदा आणि सह्यांची निळी शाई पसरलेली.

"तात्यानू, ह्या काय केलात?" मी कपाळावर हात मारला. "भायर दगड काय कमी होते?"

"दगडार फोडलो तर गाऱ्हाणा दगडाक जाता," तात्या शांतपणे म्हणाले. "पेटयेक घातलंय, पेटयेर फोडलंय." त्यांच्या बाजूने बरोबरच होतं.

मेस्त्री उठले. चेहऱ्यावर दुःख, डोळ्यांत दिवाळी. "केंद्राध्यक्ष साहेब, सील खराब झालं. वर धार्मिक विधी झाला. देऊळ चालत नाही तर हे कसं चालतं? माझी हरकत घ्या. मतदान थांबवा आणि केंद्र खालच्या शाळेत हलवा."

जोगळेकरांनी पुस्तक उघडलं आणि पानं उलटायला लागले. बाहेर रांगेत कुजबुज सुरू झाली, पेटी खाली नेणार म्हणून. एक-दोन बायका रांग सोडून आत डोकवायला लागल्या. मला एकच भीती होती. ही रांग एकदा मोडली की संपलं. परत या बायका घरातून बाहेर निघायच्या नाहीत आणि पुढच्या वेळी साहेब म्हणतील, दिलं होतं की केंद्र, काय झालं?

केंद्रात हुकूम केंद्राध्यक्षाचा, माझा नाही. मी जोगळेकरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि हळू बोलले, "सर, एकही मत पडलेलं नाही. मतदान सुरूच झालेलं नाही. तुमच्याकडे जादा पेटी आहे, जादा सील आहे. ती पेटी रिकामी दाखवा, सील लावा, सह्या घ्या, डायरीत जे घडलं ते लिहा. विषय संपला."

"पण यांची हरकत?"

"घ्या ना," मी मोठ्याने म्हटलं. "मेस्त्री, हरकत लिहून द्या. विधी झाला, तो कोणी केला, त्यात कोण कोण सामील झालं, सगळं नावानिशी लिहा. खाली सही करा. मी बाहेर रांगेला वाचून दाखवते, म्हणजे लोकांना कळेल केंद्र कशामुळे हललं."

सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकले. तोंडाने बोलणारे शंभर भेटतात, लिहून द्या म्हटलं की पेन कोणाकडे नसतं. पण मेस्त्री हुशार, त्यांनी पेन काढलं. "लिहितो की. विधी तात्यांनी केला."

"आणि सामील कोण?" मी विचारलं.

मंडपाच्या तोंडाशी रांग धरून सुभद्रा उभी होती. ती म्हणाली, "लिहा ना मेस्त्री. तिन्ही वेळा व्हय म्हाराजा सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच म्हणालात. आमच्या बाजूला एवढा आवाज आला."

मग दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी फिसकन हसला. बाहेरच्या बायकांना कळलं, त्या हसल्या. जोगळेकरसुद्धा हसले. मेस्त्रींचे कान लाल झाले. बिचाऱ्याने मुद्दाम नव्हतं केलं. मालवणी माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंड आपोआप उघडतं. माझंही उघडलं होतं, फक्त मी हरकत घेतली नव्हती.

"तुम्ही तर पाणी आणायलाही व्हय म्हणालात," सुभद्रा पुढे म्हणाली. "तेही लिहा."

मेस्त्रींनी पेन खिशात घातलं. मग नव्या सीलावर सही करायला परत काढलं. आठच्या ठोक्याला जरा उशीर झाला, पण पहिलं मत पडलं. टाकलं सुभद्राच्या त्या अधू जावेने. दोघींनी धरून आणली होती.

दिवसभर रांग मोडली नाही. मी दुपारी पुन्हा एक चक्कर मारली तेव्हा सुभद्रा उन्हात उभी राहून बायकांना दम देत होती, "जा गं, भाकरी नंतर थाप, आधी शिक्का मार." कोकणी बाजूच्या बायका रांजण भरत होत्या. संध्याकाळी केंद्राचे आकडे आले तेव्हा साहेबांनी माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली. आमच्या मतदारसंघात डोंगराएवढं मतदान कुठेच झालं नव्हतं, सोसायट्यांत तर नाहीच नाही.

निवडून आले पुन्हा तेच आमदार. पण आकडे त्यांच्याही टेबलावर गेले. जिथे कोणी फिरकत नव्हतं त्या पायवाटेवर आता पांढरे कपडे दिसायला लागले. मेस्त्री स्वतः दम खात वर जायचे आणि तात्यांकडे चहा प्यायचे.

नळ आला. त्याच्या उद्घाटनाला मी रजा टाकून गेले. तिथे पोचले आणि बघितलं तर नळ डोंगराच्या पायथ्याशी. हायवे ओलांडावा लागणार नव्हता एवढंच. मांडव, हार, वाजंत्री सगळं खाली. आमदारांनी फीत कापली, तोटी फिरवली आणि माइकवर म्हणाले, "माझ्या माताभगिनींच्या डोक्यावरचा हंडा आज उतरला."

समोर वस्तीतल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. कमरेवर रिकामे हंडे. पाणी बदाबदा वाहत होतं. एकही बाई पुढे गेली नाही.

आमदार हसत म्हणाले, "या, या. भरा."

कोणी हललं नाही. पाणी गटारात चाललं होतं. त्या बायका पहाटे हायवे ओलांडून पाण्याची एक खेप करून आलेल्या, तरी कित्येकींच्या घरी तेव्हा प्यायला घोट नसेल. पाणी वाया जाताना बघणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला समोर दिसत होतं. एका म्हातारीचा हात आपोआप पुढे झाला, सुनेने तो धरला. तात्यासुद्धा मान खाली घालून उभे होते. वाजंत्रीवाले थांबले.

"काय झालं?" आमदारांनी मेस्त्रींना विचारलं.

सुभद्रा म्हणाली, "साहेब, नळ खाली का?"

"वर प्रेशर नाही, बाई. पाणी एवढा डोंगर चढत नाही."

"मतं आम्ही वर दिली," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पाणी पण वरच घेणार."

आमदार तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्यामागच्या रांगेकडे. ती रांग किती लांब आहे हे त्यांना आमच्याच शाखेने कळवलं होतं. मग ते वाकले, झब्ब्याची बाही भिजवून स्वतःच्या हाताने तोटी बंद केली आणि इंजिनिअरला म्हणाले, "पंप बसवायला काय लागेल ते सांगा."

बायकांनी रिकामे हंडे डोक्यावर घेतले आणि हायवे ओलांडून जुन्या नळाकडे गेल्या. पुढच्या निवडणुकीआधी पाइप वरपर्यंत गेला, पण तोवर खालच्या नळाची तोटी कोणी फिरवली नाही.